पटकीच्या उन्हाळ्यातली शहापूरची कोठडी

लढाईची वर्षं होती. मी शहापूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि वय होतं तेवीस. मुरबाडकडच्या एका भातशेतीवाल्या घरातला मी. फायनल पास झाल्यावर कल्याणच्या एका डॉक्टरांकडे बाटल्या धुता धुता औषधं बनवायला शिकलो आणि तिथून इथे आलो. मिक्श्चर ढवळायचं, मलमाच्या डब्या भरायच्या, बाटलीवर मात्रांची कागदी पट्टी चिकटवायची, एवढंच माझं काम. पण प्रश्न विचारायची मला खोड होती. हे औषध कडू का, ते हलवूनच का प्यायचं, ताप संध्याकाळीच का चढतो. डॉक्टरसाहेब कधी हसत, कधी वैतागत. "तुझ्या एकेका प्रश्नापायी बाहेर एकेक रोगी ताटकळतो," असं म्हणत.

वैशाखातल्या एका सकाळी मुरबाडच्या बाजूने आलेल्या गाडीवानाने बातमी आणली की डोंगराकडच्या दोन गावांत वाखा सुरू झालाय. वाखा म्हणजे पटकी. दवाखान्यात आम्ही कॉलरा म्हणायचो. जत्रेहून परतलेल्या माणसांबरोबर आला असावा, असं तो म्हणाला. डॉक्टरसाहेबांनी लगेच लशीसाठी ठाण्याला तार करायला माणूस पाठवला, विहिरींत टाकायच्या जांभळ्या खड्यांचा डबा उघडून पाहिला आणि मला म्हणाले, "तू समोर कचेरीत जा. कोठडी नीट बघून ये."

"कोठडीत कोणी आजारी आहे का?"

"नाही. म्हणून तर आत्ताच जायचं."

मी तसाच उभा राहिलो, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "गावात पटकी आली की माणसं हलतात. कोणी रानात जातं, कोणी बहिणीकडे जातं. कोंडलेला माणूस कुठे जाणार? देतील ते पाणी पिणार, बसवतील तिथे बसणार." नोकरीच्या सुरुवातीला एका दुसऱ्या तालुक्यात त्यांनी भरलेली कोठडी चार दिवसांत रिकामी होताना पाहिली होती. कशी रिकामी झाली हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही, एवढी खोड असून, विचारलं नाही.

मामलेदार कचेरी दवाखान्यासमोरच होती. रोज मी तिच्या आवारातून जायचो, पण कोठडीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. एक मोठी दगडी खोली, गजांचं दार, वर दोन झरोके. शेजारी बायकांसाठी म्हणून दुसरी खोली. पण बाई कैदी वर्षातून एखादी यायची, त्यामुळे तिच्यात जुनी दप्तरं, जप्त केलेले कोयते आणि हातभट्टीची मडकी ठेवलेली. मोठ्या खोलीत सात माणसं होती. कोणी शिक्षा भोगत होतं, कोणाचा खटला चालू होता. कोपऱ्यात रात्रीसाठी एक डबा. दारापाशी पाण्याचा रांजण आणि रांजणाच्या कड्याला साखळीने बांधलेला टिनाचा एक पेला. सातही जण त्याच पेल्याने पीत, आणि तोच पेला हातासकट रांजणात बुडत होता.

मी तो पेला उचलून बघत राहिलो. पहाऱ्यावरचे हवालदार म्हणाले, "तो सरकारी पेला आहे हो. सोडा."

"सोडतो. पण तो इथून काढावा लागेल."

"काढा म्हणजे? साखळी मारलीय त्याला. चोरीला जाऊ नये म्हणून."

"कोठडीतून कोण चोरणार, हवालदार?"

ते जरा विचारात पडले. इतकी वर्षं पेला साखळीला होता आणि हा प्रश्न कोणी केला नव्हता. आतून एक जण हसला. काळाभोर, उंच माणूस, चाळिशीच्या आसपासचा, हातांवर भाजल्याचे जुने डाग. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा तो कोळसा पाडणारा. राखीव जंगलात ऐनाची झाडं तोडून भट्टी लावल्याबद्दल त्याला धरलं होतं. तोडलेलं लाकूड दोन गाड्या भरून कचेरीच्या आवारात आणून रचलं होतं, पुरावा म्हणून. आम्ही त्याला कोळसेवाला म्हणायचो, आणि पुढे सगळेच म्हणायला लागले.

मी परत जाऊन डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू आत असतास तर तुला पटकी कुठून झाली असती?"

त्या प्रश्नाने माझी दुपार खाल्ली. मी कचेरीच्या पायरीवर बसून कोठडीत काय काय जातं आणि काय काय बाहेर येतं ते बघत राहिलो. विहीर आटलेली, म्हणून पाणी नदीच्या डोहातून यायचं. आणणारा गडी घागर जमिनीवर टेकवायचा आणि तीच घागर रांजणावर उपडी करायचा. जेवण समोरच्या खाणावळवाल्या बाईंकडून यायचं, उघड्या पाटीत, वर माश्या. भाकरी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायच्या. माश्या डब्यावरून उठायच्या आणि भाकरीवर बसायच्या. मी त्या माशीकडे इतका वेळ पाहत होतो की हवालदारांनी विचारलं, "तुमचं डोकं दुखतंय का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब आणि मी मामलेदारसाहेबांकडे गेलो. ते तालुक्याचे मॅजिस्ट्रेटही होते आणि कोठडीही त्यांच्याच हाताखाली. शांत, कमी बोलणारा माणूस. डॉक्टरसाहेब म्हणाले, "रावसाहेब, आधी माणसं कमी करावी लागतील. सात जण एकमेकांना टेकून झोपतात."

मामलेदार म्हणाले, "ज्यांना जातमुचलक्यावर सोडता येईल त्यांना सोडतो. पण डॉक्टर, घरी सोडून मी त्यांना पटकीच्या तोंडी तर देत नाही ना? तुम्हीच सांगा, आत बरं की बाहेर बरं?"

मला वाटलं होतं, तुरुंगातून सुटणं म्हणजे चांगलंच. मग ठरलं की ज्याच्या गावात साथ नाही त्यालाच सोडायचं, आणि तेही त्याला विचारून. कैद्याला विचारायचं हे हवालदारांना काही पचेना, पण मामलेदार स्वतः गजांपाशी जाऊन उभे राहिले.

मोहाची दारू गाळणारे दोघे भाऊ जायला एका पायावर तयार होते. बांधाच्या भांडणात चुलत्याचं डोकं फोडलेला एक शेतकरीही तयार झाला. त्याच्या शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे राहिले होते आणि दोन दिवस तो हवालदारांना तेच सांगत होता. कोळसेवाल्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मी नाय जात, रावसायेब."

"का रे? तुझ्या पाड्यावर साथ आहे का?"

"आता नाय. मागल्या वर्साला व्हती. आता थंय कोन हाय माझा? हितंच राहतो."

मामलेदारांनी पुढे विचारलं नाही. मात्र त्या उत्तरातलं 'मागल्या वर्साला' माझ्या मनात राहिलं.

तिघांचे कागद व्हायला तीन दिवस गेले आणि त्या तीन दिवसांत पाण्याचा प्रश्न उभा राहिला. पेला काढला, मग प्यायचं कशाने? राब भाजायच्या घाईतला शेतकरी म्हणाला, "मी पयल्यापासून सांगतोय, मी यांच्या भांड्यानं पीत नाय. मना माझा येगला मडका द्या." 'यांच्या' म्हणताना त्याने कोळसेवाल्याकडे हात केला. मला राग आला. मी काही बोलणार तेवढ्यात डॉक्टरसाहेब म्हणाले, "द्या. त्याला वेगळं मडकं द्या. आणि प्रत्येकालाच द्या."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "साहेब, तो विटाळापायी मागतोय."

"ठाऊक आहे मला. तो चुकीच्या कारणासाठी बरोबर गोष्ट मागतोय. गोष्ट घे, कारण त्याच्याकडेच राहू दे."

पण ते तिथेच थांबले नाहीत. कुंभाराकडून लहान मडकी आणली आणि नारळाच्या करवंटीला लांब दांडी लावून एक डाव करून घेतला. नियम असा केला की रांजणातून पाणी काढायला डावच वापरायचा, हात बुडवायचा नाही, आणि रोज एकानेच सगळ्यांच्या मडक्यांत पाणी घालायचं. पहिल्या दिवशी त्यांनी डाव कोळसेवाल्याच्या हातात दिला. त्याचे हात सगळ्यांत स्वच्छ होते. राखेने घासून घासून धुवायची त्याला सवय होती. शेतकरी उन्हं कलेपर्यंत तहानेला बसला. मग मडकं पुढे केलं.

रात्रीचा डबा उचलणारा गडी साथीच्या धास्तीने बायकापोरं घेऊन आपल्या गावी निघून गेला होता. त्याला कोण दोष देणार? पण मग ते काम करायचं कोणी, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. हवालदार म्हणाले, हे काम कैद्यांकडून करवून घेऊ. कैदी म्हणाले, आम्ही मेलो तरी करणार नाही. मीही त्या रांगेत मागेच उभा होतो, हे कबूल करायला हवं. तोडगा कोळसेवाल्याने काढला. "आवारात मागं चर खनू. ज्याचा त्यानं करायचा, ज्याचा त्यानं झाकायचा. वर राख नि चुना. उचलायला नको नि ओरडायला नको." चर दोन दिवसांत खणला गेला. हवालदार एकेकाला पहाऱ्यात मागे नेत आणि परत आणत. रात्रीचा डबाही सकाळी ज्याचा त्याने, पाळीने, तिथेच रिता करायचा आणि चुन्याच्या पाण्याने धुवायचा. पहिली पाळी कोळसेवाल्याची होती. दुसरी मी घेतली. नंतर कोणी कुरकुरलं नाही.

पाणी उकळायचं ठरलं तेव्हा सरपणाचा घोळ झाला. लढाईमुळे सगळ्याचीच चणचण होती आणि दिवसाला दोन हंडे पाणी उकळवायचं म्हणजे लाकूड थोडंथोडकं लागत नाही. खाणावळवाल्या बाईंनी मोठा तांब्याचा हंडा दिला, पण सरपण देणं त्यांना शक्य नव्हतं. मी आवारात फिरत होतो आणि माझी नजर ऐनाच्या त्या दोन गाड्या लाकडांवर गेली.

"ते खटल्यातलं आहे!" हवालदार ओरडले. "मुद्देमाल! त्याला हात लावला तर माझी नोकरी जाईल."

मी मामलेदारसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकलं, उठून खिडकीतून त्या ढिगाकडे पाहिलं. मग त्यांनी कारकुनाला बोलावलं, दोन पंच बोलावले, जंगलखात्याच्या गार्डालाही बोलावलं. ढीग मोजला, लिहून घेतला, एक ओंडका बाजूला काढून त्याला लाखेचं सील लावलं आणि आपल्या टेबलाखाली ठेवला. "बाकीचं टिकणारं नाही, वाळवी लागतेय, असं मी लिहितो," ते म्हणाले. "खरंच लागलीय का, हे मी बघत बसणार नाही."

गार्ड कुरकुरला. पण सही केली त्याने.

कोळसेवाला गजांआडून हे सगळं बघत होता. मी पहिली चूल पेटवली तेव्हा धूरच धूर झाला. तो म्हणाला, "भाऊ, आडवी लाकडं नका घालू. ऐन हाय तो. उभा रचा, मधी वारा खेळू द्या, मंग धग बगा." हवालदारांनी त्याला बाहेर काढलं आणि त्याने स्वतः तोडलेल्या लाकडांची स्वतःच चूल रचली. तशी चूल मी पुन्हा पाहिली नाही. धूर नाही, खडखड नाही, हंडा घटकाभरात उकळ्या मारायला लागला.

लशीची पेटी आसनगाव स्टेशनवर आली, ती मी सायकलवर बांधून आणली. सुई पाहून पहिले मागे सरकले ते हवालदार. कोळसेवाल्याने दंड पुढे केला आणि विचारलं, "यात काय हाय?"

"पटकीचेच जंतू आहेत. पण मेलेले."

"मेलेले? मंग ते काय करनार?"

हे मलाही नीट सांगता येईना. मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. ते सुई भरता भरता म्हणाले, "चोराचा चेहरा आधी दाखवून ठेवला की पुढे तो खरा आला तरी पहारेकरी ओळखतो. तसं आहे ते."

"म्हंजी जंगलखात्यानं माझा चेहरा वळखून ठेवलाय तसा," कोळसेवाला म्हणाला, आणि सगळी कोठडी हसली. त्या हसण्यातच बाकीच्यांनी दंड पुढे केले. शेवटी हवालदारांनी डोळे मिटून टोचून घेतलं.

जातमुचलक्यावर तिघे सुटून गेले. चौघे राहिले. बायकांची खोली रिकामी करून, चुना मारून, आम्ही ती तशीच बंद ठेवली. कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, "नवा माणूस येईल ना. तो थेट आत जायचा नाही. पाच दिवस त्या खोलीत."

नवा माणूस तिघे सुटल्यावर आठव्या दिवशी आला. मुरबाडकडून एका शिपायाने त्याला दिवसभर चालवत आणलं होतं. पन्नाशीच्या पुढचा, वाळलेला, बांबू तोडताना सापडलेला. कुठल्या गावचा ते ऐकताच हवालदार दोन पावलं मागे हटले. साथ सुरू झालेल्या दोन गावांपैकीच एक. तीन दिवसांपूर्वी त्याने स्वतःच्या मेव्हण्याला पुरलं होतं.

"याला परत न्या," हवालदार शिपायाला म्हणाले.

"वॉरंट आहे," शिपाई म्हणाला. "परत कुठं नेऊ?"

आतले कैदीही गजांना धरून ओरडायला लागले, आमच्यात टाकू नका म्हणून. तो म्हातारा मधोमध उभा, हात बांधलेले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होता. डॉक्टरसाहेबांनी त्याचे हात सोडायला लावले, त्याला आवाराच्या कोपऱ्यात आंघोळ घातली, त्याचे कपडे उकळत्या पाण्यात टाकले आणि त्याला बायकांच्या खोलीत नेऊन झोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि जमीन ओली होती. तांदळाच्या धुवणासारखं पाणी. मी पुस्तकात वाचलं होतं, डॉक्टरसाहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन तासांत त्याचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुतल्या कपड्यासारखी सुरकुतली, आवाज घोगरा झाला. माणूस इतक्या लवकर आटू शकतो, हे मला खरंच माहीत नव्हतं.

त्याच्यापाशी कोण बसणार? डॉक्टरसाहेबांना दवाखाना होता, मला औषधं बनवायची होती. गजांपलीकडून कोळसेवाला म्हणाला, "मना सोडा. मी बसतो."

हवालदारांनी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटतं. पन मना बघायचाय."

"काय बघायचंय?"

मग त्याने सांगितलं. आदल्या वर्षी त्याच्या पाड्यावर वाखा आला तेव्हा तो वर रानात भट्टीवर होता. कोळशाची भट्टी सोडून येता येत नाही. सोडली तर सगळं जळून राख होतं. आठ दिवसांनी खाली आला तेव्हा बायको आणि लहान पोरगी दोघी गेलेल्या, पुरलेल्याही. काय झालं हे तो घरोघर विचारत फिरला. कोणी नीट सांगेना. म्हणायचे, झाला वाखा, गेल्या. "कशा गेल्या ता कोनी नाय सांगला," तो म्हणाला. "दुखत व्हता का, तान लागली व्हती का, मना हाक मारली का. मना ठावंच नाय. मना बघायचाय ह्यो रोग कसा असतो."

डॉक्टरसाहेबांनी मामलेदारांची परवानगी आणवली आणि त्याला आत सोडलं.

दुपारी आम्ही म्हाताऱ्याला शिरेतून मिठाचं पाणी चढवायचं ठरवलं. दवाखान्यात एक काचेची बाटली होती, रबरी नळी होती आणि बरी म्हणावी अशी एकच सुई. पाणी मी स्वतः दोनदा उकळलं, मीठ तोलून घातलं, चार पदरी कापडातून गाळलं, पुन्हा उकळलं. चुलीत त्या वेळीही ऐनच जळत होता. म्हाताऱ्याची शीर सापडेना. डॉक्टरसाहेबांनी शेवटी घोट्यापाशी कातडी कापून शीर उघडी केली. बाटली उंच धरायला खुंटी नव्हती. कोळसेवाल्याने ती डोक्याच्या वर धरली आणि तो तसाच उभा राहिला. हात बदलायचा, पण खाली घ्यायचा नाही. मी भरत होतो, तो धरत होता. मधूनच तो मला विचारायचा, "आता दुखतंय का याला?" "पोटऱ्यांत गोळे आले म्हनजी ओरडतात का?" "याला आपला ऐकू येतो का?"

मला ठाऊक असेल ते मी सांगायचो. नसेल ते डॉक्टरसाहेबांना विचारायचो. ते म्हणाले, "ऐकू येतं. शेवटपर्यंत शुद्ध असते बहुतेकांना." हे ऐकून कोळसेवाल्याने बाटली दुसऱ्या हातात घेतली. मग वाकून म्हाताऱ्याच्या कानाशी म्हणाला, "बाबा, मी हितंच हाय रं. तान लागली तर सांग."

म्हाताऱ्याने ओठ हलवले. कोळसेवाल्याने मला बाटली धरायला दिली, आणि मडक्यातलं पाणी चमच्या-चमच्याने त्याच्या तोंडात घातलं. बरंचसं बाहेर पडलं. तो पुन्हा घालत राहिला. उन्हं कलली तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मनगट धरलं आणि मला म्हणाले, "ये, बघ." सकाळपासून हरवलेली नाडी बोटाखाली लागत होती, बारीक, घाईघाईची. मी कोळसेवाल्याचं बोट धरून तिथे ठेवलं. तो बराच वेळ बोट काढेना.

म्हातारा जगला. पाचव्या दिवशी त्याने भात मागितला आणि तो भात मऊ केला नाही म्हणून खाणावळवाल्या बाईंना बोल लावला. मोठ्या खोलीतल्या तिघांपैकी कोणालाच काही झालं नाही. बाजारपेठेत मात्र साथ फिरली. आमच्या ओळखीच्या घरांतली माणसं गेली, खाणावळवाल्या बाईंचा भाऊही गेला. तो आजारी असताना डॉक्टरसाहेबांबरोबर गेलो होतो तेव्हा बाई मला म्हणाल्या, "कैद्यांसाठी उकळलेलं पाणी माझ्याच हंड्यात होतं. घरी नेऊन प्यायचं सुचलंच नाही बघा मला." आम्ही कोठडीची तयारी केली तशी गावाची का केली नाही, असं मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "कोठडीला दार असतं." नंतर बऱ्याच वेळाने पुढे म्हणाले, "आणि लोकांनी ऐकलं नसतं, असं मी धरून चाललो. विचारून बघायला हवं होतं."

हवालदार मात्र पार बदलले होते. चुन्याची बादली आता त्यांच्या हातातून सुटेना. मामलेदारसाहेब एकदा कोठडी बघायला आले तर त्यांनाही हवालदारांनी दारात हात धुवायला लावले. साहेबांनी निमूट धुतले.

पावसाच्या तोंडावर कोळसेवाल्याच्या खटल्याचा निकाल लागला. गुन्हा त्याने पहिल्या दिवसापासून कबूल केलेलाच होता. आत घालवलेले दिवस शिक्षेत धरून मामलेदारांनी त्याला सोडलं. टेबलाखालचा सील केलेला ओंडका काय झाला ते मला माहीत नाही.

सुटल्यावर तो घरी न जाता दवाखान्यात आला आणि दारात उभा राहिला. "भाऊ, माझ्या पाड्यावर येता का? ती सुई घेऊन?"

"तिथे आता साथ नाही ना?"

"नाय. म्हनून तर आता."

डॉक्टरसाहेबांनी मला दोन दिवसांची मोकळीक दिली. लशीच्या उरलेल्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही दोघे मुरबाडमार्गे सिद्धगडाच्या पायथ्याला गेलो. पाड्यावर पंधरा-वीस झोपड्या. माणसं जमली, पण सुई पाहून बायका आत गेल्या. मी समजवायला लागलो; जंतू, पाणी, उकळी. कोणी ऐकेना. मग कोळसेवाला एका झोपडीच्या पुढ्यात खाली बसला आणि त्याने बोलायला सुरुवात केली. म्हाताऱ्याचे डोळे कसे आत गेले, हात कसे सुरकुतले, तहान कशी लागते, पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा माणूस काय करतो, आणि बोलता आलं नाही तरी त्याला ऐकू कसं येतं. एक एक गोष्ट तो सावकाश सांगत होता. पुस्तकात वाचून मला जे सांगता आलं नव्हतं ते तो सांगत होता, आणि ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांनी ते आदल्या वर्षी आपल्या घरात पाहिलं होतं.

एक म्हातारी आतून बाहेर आली. त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुझी बायको तशीच गेली रं. पानी मागत व्हती. मी दिला नाय. वाख्यात पानी द्यायचा नाय असा सगली बोलली म्हनून."

म्हातारी तिथेच त्याच्याजवळ बसली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आनि मना हाक मारली का?"

"मारली," म्हातारी म्हणाली. "दोनदा मारली."

त्याने मान हलवली. मग उठून त्याने तिला हाताला धरून माझ्यापुढे आणलं आणि तिच्या दंडावरचा पदर बाजूला केला. मी सुई भरली. तिच्यामागे दुसरी बाई येऊन उभी राहिली, आणि तिच्यामागे तिची सून.